आधी हशा, मग भाषण

काकूंचं भाषण रेडिओवर लागणार हे कळल्यावर इंजिनियरांनी सगळ्यांत आधी काय केलं असेल, तर घरातला रेडिओ नापास केला.

इंजिनियर म्हणजे काही खरेखुरे इंजिनियर नव्हेत. उभी नोकरी त्यांनी बांधकाम खात्यात आवक-जावकच्या टेबलावर काढली. पण इतकी वर्षं इंजिनियरांच्या सहीचे कागद हाताखालून गेल्यामुळे थोडंफार इंजिनियरिंग आपल्याही अंगात झिरपलंय, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असायचा. इमारतीतल्या कुणीतरी एकदा थट्टेनं 'काय इंजिनियर!' म्हणून हाक मारली आणि त्यांनी ती हाक बढतीचा हुकूम यावा तशी स्वीकारली. पुढे सगळी इमारत त्यांना तेच म्हणू लागली. त्यांची बायको मात्र सगळ्यांची काकूच राहिली. ती शाळेत शिवण शिकवायची, आणि निवृत्त झाल्यावर फावल्या वेळात काहीबाही लिहायची. त्यातलंच एक तिनं रेडिओ स्टेशनला पाठवलं, त्यांनी बोलावून तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतलं, आणि येत्या रविवारी संध्याकाळी ते लागणार होतं.

"कशावर आहे?" इंजिनियरांनी विचारलं.

"असंच. घरगुती."

"घरगुती म्हणजे? गॅलरीतल्या कुंड्या?"

"लागल्यावर ऐका की."

"कुंड्याच," इंजिनियर म्हणाले, आणि विषय संपला. त्यांच्या दृष्टीनं भाषण कशावर आहे यापेक्षा ते कशावर ऐकायचं हा प्रश्न जास्त मोठा होता.

कारण स्वयंपाकघरातल्या फळीवरचा रेडिओ आता केवळ माणुसकीच्या नात्यानं रेडिओ म्हणवून घेत होता. बटण फिरवलं की आधी खरखर, मग शिट्टी, मग पुन्हा खरखर, आणि त्या खरखरीच्या पलीकडून, नदीच्या दुसऱ्या काठावरून कुणी हाक मारावी तसा निवेदक. शेजारी मिक्सर लागला की निवेदकाचंच पीठ व्हायचं. काकूंना त्याचं काही वाटत नसे. त्या भाजी निवडता निवडता खरखरीतून नेमकं हवं ते ऐकून घेत. पण इंजिनियरांनी निकाल दिला, "तुझा आवाज यातून? शक्य नाही."

दुकानातला विक्रेता मोठा गोडबोल्या होता. "काका, जुन्या रेडिओत आवाज लाटेसारखा यायचा. वाटेतला सगळा कचरा घेऊन यायचा. हा डिजिटल. यात आवाज आकड्यांत येतो. एक नाहीतर शून्य. खरखरीला बसायला जागाच नाही."

"स्टेशन लांब असलं तरी?"

"एकतर लख्ख ऐकू येईल, नाहीतर अजिबात येणार नाही. मधलं काही नाही."

हे 'मधलं काही नाही' इंजिनियरांना फार आवडलं. त्यांचं सगळं आयुष्यच मधलं गेलं होतं. मधली इयत्ता, मधला मजला, मधलं टेबल. निदान रेडिओ तरी टोकाचा असावा! त्या आनंदात 'नाहीतर अजिबात येणार नाही' या अर्ध्या वाक्याकडे गिऱ्हाइकानं विशेष लक्ष द्यायचं असतं, हे त्यांच्या ध्यानातून निसटलं.

घरी आणून त्यांनी रेडिओ हॉलमध्ये मांडला. सुबक काळी पेटी, वर पाटीसारखा पडदा. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, 'सेवा उपलब्ध नाही.' नोकरीभर हे वाक्य त्यांनी लोकांना ऐकवलं होतं. आज प्रथमच ते कुणीतरी त्यांना ऐकवत होतं.

मग रेडिओ कडेवर घेऊन इंजिनियर घरभर फिरले. रडणाऱ्या मुलाला फिरवावं तसे. फरक इतकाच, की हे मूल रडावं म्हणून फिरवणं चाललं होतं. हॉलमध्ये शांतता. बेडरूममध्ये शांतता. कपाटाच्या वर ठेवला, पलंगाखाली सरकवला, शांतता. शेवटी बाथरूमच्या दारात स्टूल ठेवून त्यावर तो तिरका बसवला, आणि एकाएकी निवेदिका कानात बोलल्यासारखी बोलू लागली. इतकी स्वच्छ, की तिनं हातातला कागद उलटलेलाही ऐकू आला.

"बघ!" इंजिनियर ओरडले.

काकूंनी हात पुसत पुसत येऊन पाहिलं. "छान आहे हो. पण रविवारपर्यंत आंघोळी कुठे करायच्या?"

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले यायला सुरुवात झाली. आपल्याकडे आजारी माणसाइतकंच आजारी यंत्रालाही भेटायला येतात. समोरच्या घरातले निवृत्त बँक मॅनेजर आले. त्यांनी भिंतीवर टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, "जाड आहेत. आमच्या ब्रँचला तिजोरीच्या खोलीत असंच व्हायचं. हाक मारली तर ऐकू जायची नाही." यावर उपाय काय, हे त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बदली मागितली मी."

वरच्या मजल्यावरच्या वहिनी चंदेरी फॉइलचा रोल घेऊनच आल्या. "गुंडाळा याला. आमच्या ह्यांनी टीव्हीला गुंडाळलं होतं."

"मग आला टीव्ही?"

"टीव्ही नाही आला. पण त्यामागची पाल यायची बंद झाली."

सगळ्यांचे सल्ले ऐकून झाल्यावर इंजिनियरांनी स्वतःचा निर्णय घेतला. गच्चीवर काठी उभी करायची, काठीला एरियल बांधायचा आणि तिथून तार खिडकीतून हॉलमध्ये आणायची. पण गच्ची सगळ्यांची, म्हणजे सेक्रेटरींची. सेक्रेटरी म्हणजे नियमाला नियम म्हणून प्रेम करणारा माणूस. त्यांनी इंजिनियरांना उभ्या उभ्या प्रश्न घातला, "डिजिटल आहे ना?"

"हो."

"मग तार कशाला? डिजिटल म्हणजे बिनतारी."

"साहेब, रेडिओ आधीपासूनच बिनतारी असतो."

"मग जास्त पैसे भरून तुम्ही त्याला तार लावताय?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं, आणि तेवढा वेळ सेक्रेटरी कुणाचंच ऐकून घेत नसत. प्रकरण कमिटीपुढे गेलं. काठी हे बांधकाम धरावं की शोभेची वस्तू, यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली. बांधकाम धरलं तर पालिकेची परवानगी हवी, शोभेची वस्तू धरली तर ती शोभायला हवी. शेवटी मॅनेजरांनी तोड काढली की ती कपडे वाळत घालायची काठी धरावी. तसं ठरलं. मात्र सेक्रेटरींनी एक अट घातली. त्यांच्या आईंना काकूंचं भाषण ऐकायचं होतं. "आणि आईला बोलावलंत तर बाकीच्यांनी काय पाप केलंय? गच्ची सगळ्यांची, तर भाषणही सगळ्यांचं."

इंजिनियरांची छाती फुगली. त्यांनी त्याच रात्री सगळ्या मजल्यांवर आमंत्रणं केली.

काकूंना कळलं तेव्हा त्यांच्या हातातलं पातेलं सुटता सुटता राहिलं. "सगळ्यांना? अहो, नको!"

"लाजतेस कसली?"

"लाजत नाही हो मी. तुम्ही एकटेच ऐका ना." मग जरा थांबून म्हणाल्या, "खरं तर तुम्हीही नाही ऐकलंत तरी चालेल."

"काय ही बाई!" इंजिनियर कौतुकानं म्हणाले. एवढी विनयशील बायको आपल्याला मिळाली, याचं त्यांना त्या रात्री झोपेपर्यंत राहून राहून बरं वाटत होतं.

वायरमन येऊन काठी उभी करून गेला. एरियल बसवला, तार खाली सोडली, ती खिडकीतून आत आली आणि रेडिओच्या हातभर अलीकडे संपली. "उद्या तुकडा घेऊन येतो," वायरमन म्हणाला. वायरमनचा उद्या ही वेगळी कालगणना आहे. रविवार उजाडला तरी तो उद्या आला नव्हता. तेव्हा इंजिनियरांनी मोडक्या इस्त्रीची वायर कापली, दोन्ही टोकं सोलली, पीळ घातला, वर चिकटपट्टी गुंडाळली. रेडिओ बोलला! ते हात सोडून लांबून बघायला गेले, आणि रेडिओ गप्प झाला. चिमटीत जोड धरला की बोलायचा, सोडला की गप्प. कपड्यांचा चिमटा लावून पाहिला, पक्कड लावून पाहिली. नाही. त्याला माणसाचंच बोट लागत होतं, आणि तेही हात खिडकीच्या गजाइतका वर उचललेला असेल तरच.

या गडबडीत काकूंनी जुना रेडिओ खालच्या शिंपीमामांना देऊन टाकला होता. मामांचं दुकान बरोबर यांच्या हॉलच्या खिडकीखाली. मशीनच्या खटखटीत खरखर मिसळली की दोन्हींचा त्रास निम्मा होतो, असं मामांचं म्हणणं पडलं, आणि ते खुशीत होते.

संध्याकाळी हॉल भरला. घरोघरच्या खुर्च्या आल्या. पहिल्या रांगेत सेक्रेटरींच्या आई, शेजारी सेक्रेटरी, मग मॅनेजर, वहिनी, त्यांच्यामागे दारापर्यंत माणसं. काकू चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेल्या त्या बाहेर येईनात. आणि सगळ्यांच्या समोर, खिडकीपाशी, एक हात वर करून इंजिनियर उभे होते. शाळेत उत्तर न आलेल्या मुलाला उभं करावं तसे. पण चेहऱ्यावर तेज असं, की जणू सबंध प्रसारण त्यांच्याच बोटांतून वाहतंय. एका अर्थी ते खरंही होतं.

"नमस्कार श्रोतेहो," निवेदिका म्हणाली.

पण ती खालून म्हणाली. मामांच्या दुकानातून. हॉलमधला रेडिओ नुसताच उजळून बसला होता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तेवढ्यात तोही म्हणाला, "नमस्कार श्रोतेहो."

"हे काय? आधी खाली कसं?" सेक्रेटरींनी विचारलं.

इंजिनियरांना घाम फुटला. "ते असं आहे, की डिजिटलमध्ये आवाजाची आधी आकड्यांत पुडी बांधतात. इथे आल्यावर ती सोडवावी लागते. दोन-तीन सेकंद लागत असतील."

"म्हणजे मामांकडे ताजं आणि तुमच्याकडे शिळं," सेक्रेटरींच्या आई म्हणाल्या.

"शिळं नाही हो आई, दोन-तीन सेकंद फक्त!"

"शिळं ते शिळंच."

खालून आणि वरून एकच निवेदिका दोनदा बोलत होती आणि कशाचाच अर्थ लागेना. खिडकी लावून घ्यावी म्हटलं तर तार खिडकीतूनच आलेली. शेवटी मॅनेजरांनी बाहेर वाकून आवाज दिला, "मामा, जरा बारीक करा हो!" मामा भला माणूस. त्यांनी लगेच रेडिओ बारीक केला. आता खालची निवेदिका ऐकू येईना. पण दुकानात जमलेली गिऱ्हाइकं काही बटण फिरवून बारीक होणारी नव्हती.

त्याचा प्रत्यय ताबडतोब आला. हॉलमधल्या रेडिओवर निवेदिका अजून काकूंची ओळख करून देत होती, आणि खालून हशा उसळला.

इंजिनियर चपापले. कुंड्यांमध्ये हसण्यासारखं काय?

"...यांचं विनोदी भाषण," रेडिओ म्हणाला, "'आमचे इंजिनियर'."

पडद्यावरही अक्षरं सरकत गेली. सेक्रेटरींच्या आईंना ऐकू जरा कमी यायचं, म्हणून त्यांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. हॉलमधली यच्चयावत माणसं हात वर करून उभ्या असलेल्या इंजिनियरांकडे वळली. आणि मग काकूंचा आवाज आला. स्वच्छ, ठणठणीत, खरखरीचा कणही नाही. इंजिनियरांना जसा हवा होता अगदी तसा.

"आमच्याकडची दारावरची घंटा ह्यांनी स्वतः बसवली आहे," काकू सांगत होत्या. खाली हशा. इंजिनियरांनी डोळे मिटले. दोन सेकंद. "पाहुण्यांनी बटण दाबलं की घंटा वाजत नाही. समोरच्यांचे दिवे जातात. मग समोरचे ओरडतात, आणि आम्ही दार उघडतो."

"अगदी खरंय!" मॅनेजर मांडीवर थाप मारून ओरडले.

माणसाची फजिती होते तेव्हा ती निदान एकदाच होते. इंजिनियरांची प्रत्येक फजिती दोन हप्त्यांत येत होती. आधी खालून हसू यायचं, की आता काहीतरी येतंय. मग ते दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत माणूस आपलं सगळं आयुष्य चाळून बघतो, की यातलं कुठलं असेल? आणि मग हॉलमध्ये ते यायचं. नळाचं आलं. "नळ गळायचा तो ह्यांनी बंद केला. आता भिंत गळते." शिलाई मशीनचं आलं. "ह्यांनी मशीनला मोटर बसवली. मी शिवायला बसले, तर मशीन शिवता शिवता निघालं ते थेट दारापर्यंत गेलं. माझ्यासकट." वहिनींनी पदर तोंडात कोंबला. सेक्रेटरी, ज्यांना कमिटीत आजवर कुणी हसताना पाहिलं नव्हतं, ते खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून हुंदके दिल्यासारखे हसत होते.

इंजिनियरांच्या मनात एक विचार आला. भाषण त्यांच्या चिमटीत होतं. नुसती बोटं सैल केली, की एकतर आहे नाहीतर नाही. मधलं काही नाही.

त्यांनी बोटं सैल केली.

रेडिओ गप्प झाला. हॉल गप्प झाला. आणि त्या शांततेत खालून असा काही हशा उसळला, की आतापर्यंतचे सगळे हशे म्हणजे नुसती कुजबुज वाटावी. मशीनवर हात आपटल्याचा आवाज आला. कुणीतरी "बास, बास, पोट दुखलं" असं ओरडलं.

"अरे, धर की तार!" सेक्रेटरींच्या आई ओरडल्या.

त्यांनी सांगायची गरजच नव्हती. इंजिनियरांनी ती आधीच धरली होती. आपल्याला कुणी हसलेलं एक वेळ चालतं, पण कशाला हसले ते न कळणं कुणाला सोसतंय? पण पुड्या पुन्हा सोडवायला लागायला रेडिओनं आणखी काही सेकंद घेतले, आणि डिजिटल रेडिओ गेलेलं वाक्य परत देत नाही. काकू पुढे पोचल्या होत्या. मॅनेजर खिडकीतून वाकले. "मामा! काय म्हणाल्या हो आत्ता?" खालून मामांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण हसू त्यांना वाक्य पूर्ण करू देईना.

इंजिनियर आता तार गच्च धरून उभे होते. दंड भरून आला होता, कान लाल झाले होते. पुढचा हशा केव्हा येतो याची ते वाट बघू लागले.

हशा आला नाही.

खाली एकदम चिडीचूप झालं. मशीन थांबलं. हॉलमधल्या लोकांच्या ते लक्षात आलं नाही, ते अजून मघाच्याच हसण्यात होते. पण इंजिनियरांना ऐकू आलं. हसण्यापेक्षा ही शांतता वाईट. आता काय सांगितलंय हिनं?

"एकच सांगायचं राहिलं," काकू रेडिओवर म्हणाल्या. आवाज जरा खाली आला होता. "मध्ये माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज पूर्ण गेला. परत येईल की नाही, डॉक्टरही नक्की सांगेनात. रात्री काही लागलं तर हाक कशी मारायची? तर ह्यांनी एक यंत्र केलं. सुतळीचा तुकडा. एक टोक माझ्या मनगटाला, दुसरं ह्यांच्या पायाच्या अंगठ्याला. त्यात ना वायर होती, ना स्क्रू, ना बिघाड. ओढायची वेळ मात्र माझ्यावर एकदाही आली नाही. मी नुसती कूस बदलली, तरी हे उठून बसायचे. ह्यांच्या यंत्रांना तुम्ही हवं तेवढं हसा. मीही हसते. आणि आता हसल्याचा आवाज येतो, म्हणून जरा जास्तच हसते. नमस्कार."

मग निवेदिका आली आणि हवामान सांगू लागली. कुणी उठलं नाही. वहिनींनी पदर तोंडातून काढून डोळ्यांना लावला. सेक्रेटरींनी घसा साफ केला, काही नियम आठवतो का बघितलं, आणि न आठवल्यामुळे गप्प बसले.

"इंजिनियर," त्यांच्या आईच शेवटी हळूच म्हणाल्या, "झालं रे भाषण. हात खाली कर."

पण हात खाली येईना. तो तिथेच आखडला होता. मॅनेजर आणि सेक्रेटरी या दोघांनी मिळून तो सावकाश उतरवला.

सगळे गेले, खुर्च्या गेल्या, तेव्हा काकू मलमाची बाटली घेऊन आल्या आणि दंड चोळायला बसल्या. इंजिनियर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"रागावलात?"

इंजिनियर दुसऱ्या हातानं बोटांना चिकटलेली चिकटपट्टी सोलू लागले.

"रेडिओवाल्यांनी अजून चार मागितलीत अशीच. नको म्हणून कळवू का?"

इंजिनियरांनी मान वळवली. "मधलं एक वाक्य गेलं. मामा इतके कशाला हसले?"

काकूंनी नजर चुकवली. "ते होय! मी म्हटलं, आमच्या ह्यांनी घरातली प्रत्येक वस्तू एकदा तरी उघडून पाहिली आहे. फक्त तिच्यासोबत आलेलं माहितीपत्रक कधी उघडलेलं नाही."

"हे साफ चूक आहे," इंजिनियर ताठ झाले. "या रेडिओचं मी उघडलं होतं. निम्मं वाचलंसुद्धा."

"बरं."

"आणि घंटेनं समोरच्यांचे दिवे गेले नव्हते. मिणमिणले होते. मशीनही दारापर्यंत नाही गेलं, टेबलापाशीच अडलं. माणसानं लिहावं, पण तपासून लिहावं."

"बरं."

"आणि सुतळी अंगठ्याला नव्हती."

काकूंचा हात थांबला. "मीच तर बांधलेली पाहिली रोज."

"ती तुझ्यादेखत. अंगठ्यावरून झोपेत निसटायची. म्हणून तुझा डोळा लागला की सोडून घोट्याला बांधायचो. दोन गाठी मारून." एवढं बोलून त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. "पुढच्या चारांत काय काय घालणार आहेस ते आधी मला विचारत जा. उगाच लोकांपुढे चुकीची माहिती जायला नको."

"विचारीन," काकू म्हणाल्या, आणि मलम संपलं होतं तरी बराच वेळ दंड चोळत राहिल्या.